सीडी हरवलेलं दप्तर

एका जुन्या हाउसिंग सोसायटीच्या पुनर्विकासाचं घोडं २००३ सालच्या एका ठरावापाशी अडलं. वकिलाला त्या वर्षीच्या वार्षिक सभेचं इतिवृत्त हवं होतं, आणि गंमत म्हणजे ते सापडलंही. सोसायटीच्या ऑफिसातल्या पिवळट पडलेल्या कॉम्प्युटरवर, ‘एजीएम’ नावाच्या फोल्डरात, तारखेसकट. डबल क्लिक केल्यावर मात्र वर्डच्या आधी एक करडी खिडकी आली: तुम्हाला हवी असलेली सोय सीडीवर आहे, ऑफिसची सीडी घाला आणि ‘ओके’ दाबा. सीडी कुणाकडेच नव्हती. ‘कॅन्सल’ दाबलं की खिडकी जायची आणि परत यायची. शेवटी वर्ड एकदाचं उघडलं, फाइलही उघडली, आणि पडद्यावर ठरावाच्या जागी रोमन अक्षरं, कंस, अवतरणचिन्हं, डोक्यावर टिंबं घेतलेले परदेशी स्वर यांचा खच पडला. शीर्षक मात्र ठळक, मध्यभागी, अधोरेखित. ठरावाचा मजकूर नीट आत घेतलेला. सूचक आणि अनुमोदक यांच्यापुढे नावांपुरती जागा. घडी जशीच्या तशी, अक्षर तेवढं गेलेलं. समितीने मान हलवून ‘फाइल करप्ट झाली’ असा निकाल दिला.

खटकतो तो हा निकाल. त्या फाइलमधला एकही बाइट जागचा हललेला नव्हता. खरोखर खराब झालेली वर्डची फाइल अशी दिसत नाही. ती एक तर उघडत नाही, नाही तर उघडताना समास, तक्ते, ठळकपणा सगळं विस्कटून येतं. मांडणी शाबूत आणि अक्षर अगम्य असं दिसलं की दोष फाइलच्या बाहेर आहे असंच धरून चालायचं. इथे बाहेरच्या दोन गोष्टी हरवल्या होत्या आणि दोन्हींचा एकमेकींशी संबंध नव्हता. एक, ऑफिसची सीडी. दुसरी, तो ठराव ज्या फाँटात टंकला तो फाँट. दोन्ही अडचणी पाठोपाठ समोर आल्या म्हणून माणसं त्यांना एकच समजतात, आणि सीडीच्या शोधात आठवडे घालवतात. सीडी मिळाली असती तरी ठराव वाचता आला नसता.

सीडी नसण्याचं कारण सगळ्यांना ठाऊक आहे, पण ते उघडपणे बोललं जात नाही. त्या काळात घरांत आणि कचेऱ्यांत आलेली कितीतरी मशिनं असेंबल्ड होती. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून पार्ट यायचे, गावातला कॉम्प्युटरवाला ते जोडायचा आणि ‘सगळं टाकून देतो’ म्हणायचा. त्या ‘सगळं’मध्ये विंडोज, ऑफिस, छपाईची पानं मांडायचं पेजमेकर, चित्रं काढायचं कोरल आणि मराठी फाँट असायचे. डिस्क त्याच्याच पिशवीत राहायची, कारण ती उद्या दुसऱ्या मशिनला लागणार. ज्यांनी रीतसर पैसे मोजले त्यांच्याकडेही डिस्क टिकली नाही. पंचवीस अक्षरी किल्ली डिस्कच्या कव्हरवरच्या चिकटपट्टीवर असायची. कव्हर एकीकडे, डिस्क दुसरीकडे, आणि ऑफिस दोनदा हललं की दोन्ही गायब. घरी ‘बर्न’ करून, म्हणजे जाळून, बनवलेल्या सीडीचं तर सांगायलाच नको. कारखान्यात छापलेल्या डिस्कमध्ये खड्डे असतात, जाळलेल्या डिस्कमध्ये रंगाचा थर असतो. तो थर ऊन, दमट हवा आणि वरून चिकटवलेलं लेबल यांनी उतरतो. मुंबई-कोकणच्या हवेत पंधरा-वीस वर्षांनी ती ड्राइव्हमध्ये घातली की नुसतीच फिरत राहते, घरघरते, थांबते, परत फिरते. तरीही अशी डिस्क हाती लागलीच आणि ती वाचली, तर तिच्यावरून काहीही बसवायच्या आधी तिची आयएसओ प्रत, म्हणजे अख्ख्या डिस्कची एका फाइलमधली नक्कल, काढून घ्यावी. दुसऱ्यांदा ती वाचली जाईलच याचा नेम नाही.

ऑफिस सीडी का मागतं हे कळलं की निम्मी चिडचिड कमी होते. ऑफिस २००० पासून मायक्रोसॉफ्टने विंडोज इन्स्टॉलर ही प्रोग्रॅम बसवणारी यंत्रणा वापरायला सुरुवात केली. त्यात काही भाग ‘पहिल्यांदा वापराल तेव्हा बसवू’ म्हणून मागे ठेवलेले असतात: जुन्या वर्डपर्फेक्ट, वर्क्सच्या फाइली उघडणारे परिवर्तक, काही टेम्प्लेट, एक्सेलचे जोड. असा भाग लागला की इन्स्टॉलर मूळ डिस्क शोधतो. दुसरं कारण जास्त फसवं आहे. स्टार्ट मेनूतल्या शॉर्टकटवरून वर्ड सुरू करताना इन्स्टॉलर आपल्या ताब्यातल्या महत्त्वाच्या फाइली आणि रजिस्ट्रीतल्या, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या वहीतल्या, नोंदी तपासतो. एखादी कमी दिसली की दुरुस्ती सुरू करतो. मशिनवर नव्या नावाने लॉगिन केलं तरी त्या माणसाच्या नोंदी नसतात आणि दुरुस्ती सुरू होते. शिवाय डिस्कचा पत्ता जुनाच लिहून ठेवलेला असतो. मधल्या काळात हार्ड डिस्कचं आणखी एक पार्टिशन केलं, सीडी ड्राइव्हचं अक्षर बदललं, की खरी सीडी घालूनही ‘सापडत नाही’ म्हणून उत्तर येतं.

ऑफिस २००३ ने यावर चांगला तोडगा काढला होता. बसवतानाच सीडीवरच्या दाबलेल्या फाइलींची प्रत सी ड्राइव्हच्या मुळाशी ‘एमएसओकॅश’ नावाच्या लपवलेल्या फोल्डरात ठेवली जायची, म्हणजे पुढे डिस्क लागूच नये. मग ती खिडकी का येते? कारण जागा कमी पडली की कुणीतरी डिस्क क्लीनअप चालवतं. त्या यादीत ‘ऑफिस सेटअप फाइल्स’ अशी एक चौकट असते आणि तिच्या खाली स्पष्ट लिहिलेलं असतं की या फाइली काढल्यास पुढे मूळ डिस्क मागितली जाऊ शकते. ती ओळ कोण वाचतो! फोल्डर जाग्यावर असेल तर लपवलेल्या फाइली दाखवायची सोय चालू करून त्या करड्या खिडकीतल्या ‘ब्राउज’मधून तिथे बोट दाखवायचं. ओळखीच्याकडची सीडी वापरायची तर तीच आवृत्ती आणि तोच संच लागतो. प्रोफेशनलच्या जागी स्टँडर्डची डिस्क चालत नाही, कारण इन्स्टॉलर आतल्या पॅकेजचं नाव आणि ओळखक्रमांक दोन्ही जुळवून पाहतो.

यातलं काहीच जमलं नाही तर शॉर्टकट सोडून प्रोग्रॅम फाइल्समधल्या ऑफिसच्या फोल्डरात जाऊन ‘विनवर्ड’ थेट चालवावं. बऱ्याचदा तपासणी टळते आणि वर्ड गुपचूप उघडतं.

पण माझं मत विचाराल तर एवढंही करू नये. मशिन दुरुस्त करणं आणि फाइल वाचणं ही दोन वेगळी कामं आहेत आणि आपल्याला दुसरं हवं असतं. ऑफिस २००३ आणि विंडोज एक्सपी या दोघांचाही पाठिंबा ८ एप्रिल २०१४ ला संपला. त्यांना पुन्हा उभं करण्यात शनिवार-रविवार घालवायचं कारण नाही. फाइलची प्रत पेनड्राइव्हवर घ्यावी, प्रतीला ‘रीड ओन्ली’ करावं आणि दुसऱ्या मशिनवर लिबरऑफिसमध्ये उघडावी. ते फुकट आहे, डिस्क मागत नाही, आणि वर्ड ६, वर्ड ९५, वर्डपर्फेक्ट, वर्क्स, लोटस अशी कितीतरी जुनी मंडळी त्याला ओळखता येतात. नवं वर्ड उलट त्या जुन्या फाइलींना दारातच अडवतं. मॅक्रो व्हायरसच्या भीतीने ट्रस्ट सेंटरमध्ये ‘फाइल ब्लॉक’ची यादी केलेली असते आणि वर्ड ९५ च्या फाइली त्या यादीत येतात. ती बंदी तात्पुरती उठवता येते, काम झालं की परत लावावी. मशिन सुरूच होत नसेल तर हार्ड डिस्क काढून यूएसबी अडॅप्टरला जोडायची. २००५ च्या आधीची असेल तर बहुधा रुंद, चाळीस पिनांची आयडीई. अडॅप्टर घेताना वेगळी वीज देणारा घ्यावा. साडेतीन इंची डिस्क नुसत्या यूएसबीच्या विजेवर फिरत नाही, आणि टिकटिक ऐकून लोक तिला मेली म्हणून टाकून देतात.

प्रत्यय, म्हणजे नावामागचं ‘डॉक’ वगैरे, यावर विश्वास ठेवू नये. ते कुणीही बदललेलं असू शकतं. हेक्स एडिटरमध्ये, म्हणजे फाइलचे बाइट आकड्यांत दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, पहिले काही बाइट पाहावेत. डी-शून्य, सी-एफ, एक-एक, ई-शून्य अशी सुरुवात असेल तर ती जुन्या ऑफिसची फाइल, मग ती वर्ड असो, एक्सेल असो की पॉवरपॉइंट. ‘पीके’ अशी अक्षरं दिसली तर ती झिप आहे, म्हणजे २००७ नंतरची. हिला ‘झिप’ असं नाव देऊन उघडलं की आतल्या ‘वर्ड’ फोल्डरात ‘डॉक्युमेंट’ नावाची एक्सएमएल फाइल मिळते, आणि वर्डने नकार दिला तरी मजकूर तिच्यात साधा वाचता येतो. महिरपी कंस आणि ‘आरटीएफ’ अशी सुरुवात असेल तर नोटपॅडही पुरतं. आणि सुरुवातीला नुसती शून्यंच शून्यं असतील, तर ही फाइल खरंच गेली. पेनड्राइव्ह घाईने ओढून काढल्याचं हे बहुधा फळ असतं. तिथे वर्डचं ‘कोणत्याही फाइलमधून मजकूर मिळवा’ हे हत्यारही काही देत नाही.

आता अक्षराकडे.

न वाचता येणारं मराठी चार तऱ्हांनी दिसतं आणि प्रत्येक तऱ्हा वेगळं काही सांगते. पहिली, त्या ठरावासारखी रोमन खिचडी. दुसरी, एक ठरावीक नक्षी: डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ‘ए’, त्यामागे चार कोपऱ्यांना पाय फुटलेलं वर्तुळ किंवा जपानी येनचं चिन्ह, मग आणखी काहीतरी, आणि हीच नक्षी ओळभर. तिसरी, रिकामे चौकोन. चौथी, प्रश्नचिन्हं. पहिल्या तीन दिसल्या तर चहा मागवावा, काम होण्यासारखं आहे. चौथी दिसली की आधी दुसरी प्रत कुठे आहे ते पाहावं.

संकेत म्हणजे कुठल्या अक्षराला कुठला आकडा याची यादी, आणि युनिकोड म्हणजे जगातल्या लिप्यांची मिळून एकच यादी. प्रश्नचिन्हं म्हणजे कुणीतरी युनिकोडमधला मजकूर अशा संकेतात जतन केला ज्यात देवनागरीला जागाच नव्हती. प्रत्येक अक्षराच्या जागी खरोखरचं प्रश्नचिन्ह लिहिलं गेलं. कुठलाही फाँट, कुठलंही सॉफ्टवेअर त्याखालून अक्षर काढून देणार नाही. हे आजही रोज घडतं. सभासदांची यादी एक्सेलमधून साध्या सीएसव्हीत, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने पाडलेल्या नुसत्या मजकुरात, जतन केली की नावांची प्रश्नचिन्हं होतात. जतन करतानाच्या पर्यायांत ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ असा वेगळा पर्याय असतो, तो निवडायचा. यूटीएफ-८ ही युनिकोड बाइटांत साठवायची पद्धत. उलट दिशेची चूकही तितकीच नेहमीची. यूटीएफ-८ मधली सीएसव्ही डबल क्लिकने उघडली की दुसऱ्या तऱ्हेची नक्षी येते. तेव्हा फाइल जतन न करता बंद करावी, एक्सेलच्या ‘डेटा’मधून मजकूर आयात करावा आणि संकेत विचारला की ६५००१ निवडावा.

या नक्षीचं कारण साधं आहे. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक अक्षर तीन बाइट घेतं. पहिला कायम तोच, दुसरा दोनांपैकी एक, बदलतो तो मुख्यतः तिसरा. हे बाइट पश्चिम युरोपच्या १२५२ या संकेतात वाचले की एका अक्षराची तीन चिन्हं दिसतात. नुसतं वाचलं असेल तर काही बिघडत नाही, संकेत बदलून परत उघडलं की झालं. जतन केलं असेल तर मात्र थोडी रडारड होते. १२५२ मध्ये पाच जागा रिकाम्या आहेत, आणि आपलं दुर्दैव असं की हलन्त, पहिला उकार, ए, ऐ, झ आणि चंद्रबिंदू यांचे शेवटचे बाइट नेमके त्या पाच जागांवर पडतात. काही प्रणाली हे बाइट गिळून टाकतात. परत फिरवल्यावर सगळं येतं, फक्त जोडाक्षरं सुटलेली आणि उकार उडालेले. तिथे उरलेल्या दोन अनाथ बाइटांवरून हलन्त होता की उकार, हे संदर्भाने ठरवावं लागतं. मराठी येणारा माणूस ते भराभर करतो. शोधा-आणि-बदला करणाऱ्याला ते जमत नाही.

चौकोन दिसले तर प्रश्न फाँटचा. एक्सपीच्या काळात तो अगदी वेगळ्या तऱ्हेने छळायचा. एक्सपीमध्ये मराठी युनिकोड मुळात बसवलेलं नसायचं. कंट्रोल पॅनेलमध्ये ‘रीजनल अँड लँग्वेज’च्या भाषांच्या पानावर ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट’ची एक चौकट होती, ती भरली की मशिन विंडोजची सीडी मागायचं, आणि पुन्हा तेच. सीडीवरचा ‘आय-३८६’ हा फोल्डर हार्ड डिस्कवर असेल तर त्याकडे बोट दाखवून काम व्हायचं, पण मशिनवर सर्व्हिस पॅक दोन आणि फोल्डर त्याआधीचा असं असलं की अर्ध्यात अडायचं. ती चौकट न भरता ऑफिसबरोबर आलेल्या एरियल युनिकोडमध्ये मराठी दिसायचं खरं, पण ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागे, हलन्त उघडे, जोडाक्षरांची फारकत. ते वाचून ‘युनिकोडमध्ये मराठी नीट येत नाही’ असं ठाम मत घेऊन बसलेली माणसं अजून कचेऱ्यांत आहेत, आणि त्यांच्या हट्टामुळे पुढची कैक वर्षं जुन्या फाँटांत पत्रं टंकली गेली. व्हिस्टापासून हा प्रकार संपला, मत राहिलं.

रोमन खिचडीचं मूळ त्याच्याही आधीचं. कृतिदेव, श्रीलिपी, आकृती, शिवाजी, सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेचे योगेश आणि सुरेख, या सगळ्यांची मूळ युक्ती एकच होती: कॉम्प्युटरला वाटू द्यायचं की आपण रोमन लिहितोय आणि त्या रोमन अक्षरांचे चेहरे तेवढे देवनागरी करायचे. कृतिदेवमध्ये ‘भारत’ लिहिलं की फाइलमध्ये खरोखर एच, के, के, जे, आर ही पाच अक्षरं जातात. पहिल्या दोघांचा मिळून ‘भ’: अर्धा भ आणि त्याची उभी काठी. पुढचा के म्हणजे काना, मग र, मग त. रेमिंग्टन टंकलेखन यंत्रावर हात बसलेल्या माणसाला हे सोयीचं होतं, कारण यंत्रही असंच आकार एकापुढे एक ठोकत जायचं. काठी वेगळी, वेलांटी आधी, रफार शेवटी. २००० च्या आसपास मराठी वर्तमानपत्राचं संकेतस्थळ वाचायचं तर आधी त्यांचा फाँट उतरवून घ्यावा लागे, तेही याच कारणाने. फाइलमध्ये मराठी नव्हतंच. मराठी फाँटमध्ये होतं.

म्हणून फाँटचं नाव हा सगळ्यात मोलाचा धागा. वर्डमध्ये खिचडीवर कर्सर ठेवला तर फाँटच्या चौकटीत मूळ नाव दिसतं, फाँट मशिनवर नसला तरी. लिबरऑफिस नसलेल्या फाँटचं नाव तिरप्या अक्षरात दाखवतं. नाव मिळालं की ‘फाँट्स’ फोल्डरात, जुन्या हार्ड डिस्कवर, शेजारच्या डीटीपीवाल्याकडे त्याची टीटीएफ, म्हणजे फाँटची फाइल, शोधायची. मूळ पॅकेजची डिस्क किंवा त्याचा डाँगल, म्हणजे परवान्याची खूण म्हणून पोर्टला लावायचा ठोकळा, लागत नाही. डाँगल टंकण्यासाठी, वाचायला नुसता फाँट पुरतो. हे माहीत नसल्यामुळे पंचवीस पिनांचा पॅरलल पोर्ट असलेलं मशिन शोधत फिरणारे लोक आहेत. एक अडचण मात्र येते. काही फाँट ‘सिम्बॉल’ जातीचे असतात आणि वर्ड त्यांचा मजकूर युनिकोडच्या खाजगी पट्ट्यात ठेवतं. तो दुसरीकडे चिकटवला की खिचडीऐवजी चौकोन येतात. प्रत्येक संकेतातून सोळा-आधारी एफ-शून्य-शून्य-शून्य वजा केलं की आत तीच ओळखीची खिचडी निघते, मग पुढचं रूपांतर.

छापखान्यांकडची दप्तरं वेगळ्या जातीची. पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ ची. इनडिझाइन सीएस-६ पर्यंत पेजमेकरच्या सहा-सातच्या फाइली उघडायचं, नंतर ती सोय गेली. लिबरऑफिस त्या उघडतं, मजकूर हाती येतो, मांडणीची आशा धरू नये. तिथले फाँट पुष्कळदा टाइप-१ या जुन्या जातीचे असतात, पीएफबी आणि पीएफएम अशा जोडीने. अॅडोबीने जानेवारी २०२३ मध्ये त्यांचा आधार काढला, त्यामुळे फाँट डोळ्यांसमोर असूनही लागू होत नाही. फाँटफोर्ज या मुक्त प्रोग्रॅममध्ये पीएफबी उघडून तिची टीटीएफ करता येते. पेजमेकरची मूळ डिस्क सापडली तरी फार हुरळून जाऊ नये. त्या काळच्या कितीतरी सेटअप १६ बिटच्या आहेत आणि ६४ बिट विंडोजवर त्या चालतच नाहीत. त्यासाठी व्हर्च्युअलबॉक्समध्ये, म्हणजे मशिनच्या आत नकली मशिन चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, ३२ बिट एक्सपी बसवावी लागते.

या सगळ्यात मला एका गोष्टीचं नवल वाटत राहतं. यापेक्षा जुनी दप्तरं जास्त सहज वाचता येतात. सी-डॅकने जिस्ट हे कॉम्प्युटरात बसवायचं कार्ड काढलं, डॉसवर मराठी आलं, आणि त्या काळच्या नोंदी इस्की या भारतीय लिप्यांच्या संकेतात ठेवल्या गेल्या. १९९१ साली ते भारतीय मानक झालं, क्रमांक १३१९४. इस्की आकार साठवत नाही, अक्षर साठवतं: क म्हणजे क, वेलांटी उच्चाराच्या क्रमाने क नंतर. युनिकोडमधला देवनागरीचा पट्टा इस्कीच्याच आधीच्या आवृत्तीवरून बेतला. त्यामुळे फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेसच्या तक्त्यात इस्कीतली नावं निघाली तर विंडोजचं ५७००२ हे संकेतपान किंवा आयसीयू हे मुक्त सॉफ्टवेअर वापरून ती जवळजवळ निर्दोष युनिकोडमध्ये येतात. मग विंडोज आलं, रंगीत पडदा आला, सुबक फाँट आले आणि आपण अक्षर सोडून आकार साठवायला लागलो. पत्रिका, निमंत्रणं, अंक देखणे झाले. मी त्या काळाला नावं ठेवणार नाही, ‘सुरेख’मधला मजकूर अजून डोळ्यांना बरा वाटतो. पण दप्तर ठेवण्याच्या दृष्टीने आपण पुढे येऊन मागे गेलो होतो, आणि भरपाई आता एकेका फाइलमागे चालू आहे.

रूपांतरासाठी नेटवर परिवर्तक पुष्कळ आहेत. त्यांतले बरेच हिंदी डोळ्यांपुढे ठेवून केलेले, त्यामुळे ‘दुसऱ्या’, ‘सुऱ्या’, ‘तऱ्हा’ यांवरचा आडवा रकार साध्या रफारात जातो. ळ कधी गळतो, ॲ कधी अ आणि चंद्र असा तुटक येतो, कारण ॲ ला युनिकोडमध्ये स्वतःची जागाच २००८ साली मिळाली. परिवर्तकाची परीक्षा घ्यायला ‘आर्थिक’ हा एक शब्द पुरेसा आहे. आकारांच्या क्रमात तो आ, वेलांटी, थ, रफार, क असा असतो. युनिकोडला वेलांटी थ नंतर आणि र् त्याच्या आधी हवा. दोन्ही उड्या एकाच शब्दात जमल्या तर परिवर्तक बरा. मजकुरात मधेमधे इंग्रजी असेल तर अख्खं पान परिवर्तकात टाकू नये, नाही तर ‘कन्व्हेयन्स डीड’ हे रोमनमधले शब्दही मराठी भुसा होऊन बाहेर पडतात. वर्डच्या शोधामध्ये फाँटप्रमाणे निवड करता येते. जुन्या फाँटातले तुकडे तेवढे उचलावेत.

काही चुका परिवर्तकाच्या नसतात, वर्डने टंकतानाच केलेल्या असतात. कृतिदेवमध्ये लहान ‘आय’ म्हणजे प आणि मोठा ‘आय’ म्हणजे अर्धा प. ऑटोकरेक्टला वाटतं आपण इंग्रजी लिहितोय, म्हणून ते परिच्छेदाचं पहिलं अक्षर मोठं करतं आणि ‘पुणे’ मधला प लंगडा होतो. सरळ अवतरणचिन्ह म्हणजे अर्धा ष. वर्ड त्याला वळणदार करतं आणि ‘वर्ष’, ‘विशेष’, ‘महाराष्ट्र’ यांतला ष दस्तऐवजभर नाहीसा होतो. जुने टंकलेखक नव्या मशिनवर बसले की आधी ऑटोकरेक्ट बंद करायचे, ते उगाच नाही. रूपांतराच्या आधी सगळी वळणदार अवतरणं सरळ करून घेतली की पुष्कळसे ष परत येतात.

खिचडी फार बिकट असेल तर आडवाट धरावी. फाँट बसवून फाइल नीट दिसू द्यावी, ३०० डीपीआयवर तिचं चित्र करावं आणि ते ओसीआरला, म्हणजे चित्रातलं अक्षर ओळखणाऱ्या प्रोग्रॅमला, द्यावं. टेसरॅक्ट या मुक्त ओसीआरमध्ये मराठी आहे, गूगल ड्राइव्हवरही चित्र डॉक्समध्ये उघडलं की मजकूर निघतो. अक्षराचा चेहरा पाहणाऱ्या यंत्राला आतल्या संकेतांशी देणंघेणं नसतं. आडवा रकारही त्याला बहुधा ओळखता येतो. जुन्या पीडीएफचंही हेच औषध. त्या दिसतात उत्तम, कारण फाँट आत भरलेला असतो, पण कॉपी केलं की खिचडी बाहेर येते.

त्यानंतर तपासणी. आधी यंत्राकडून: रोमन अक्षर उरलंय का, रिकाम्या जागेनंतर एकटी मात्रा आहे का, सलग दोन वेलांट्या आल्यात का. लिबरऑफिसच्या शोधात नियमित पदावल्या, म्हणजे नमुन्यावरून शोधायची सूत्रं, चालतात, हे तिन्ही शोध तिथे लावता येतात. मग दोन माणसांनी बसायचं. एकाच्या हातात मूळ फाँटातली छापील प्रत, दुसऱ्यासमोर पडदा, आणि वाचायचं मोठ्याने. आकडे आधी घ्यावेत: ठराव क्रमांक, तारखा, भागपत्रांचे क्रमांक, चौरस फूट, रकमा. काही फाँटांत मराठी अंक वेगळ्याच संकेतांवर बसवलेले असतात आणि तिथे गेलेला आकडा चुकल्यासारखा दिसत नाही. मोडकं जोडाक्षर लगेच डोळ्यांत खुपतं, पाचाच्या जागी आलेला आठ खुपत नाही. मूळ ‘डॉक’ फाइल रूपांतर झाल्यावरही ठेवायची, तिच्या नावात फाँटचं नाव जोडायचं आणि फाँट लावून केलेली पीडीएफ शेजारी ठेवायची. वकिलाला द्यायची ती पीडीएफ. युनिकोडची प्रत शोधाशोधीसाठी.